ठोशावरचा पिवळा तारा

मुलांच्या पुस्तकात मारामारी कशी करायची याचे संपादकबाईंचे नियम पक्के होते. ठोसा उगारलेला दाखवायचा. ठोसा खाल्लेला माणूस उडालेलाही दाखवायचा. पण ठोसा ज्या क्षणी लागतो तो क्षण दाखवायचा नाही. तिथे एक पिवळाधमक, टोकाटोकांचा तारा काढायचा, त्यात अक्षरं काढणाऱ्यानं ‘धडाम’ लिहायचं, आणि पुढच्या पानावर सगळ्यांनी कपडे झटकत उठायचं. रक्त नाही, दात नाही, हाड नाही. मरण तर नाहीच नाही.

“वाचणारं पोर आठ वर्षांचं आहे,” संपादकबाई म्हणायच्या. “त्याला न्याय झालेला दिसला पाहिजे. त्याची झोप उडता कामा नये.”

रेघला हे सगळं मान्य होतं. रेघ म्हणजे तिथली चित्रकार. तिचं खरं नाव दारावरच्या हजेरीच्या यंत्रालाच काय ते ठाऊक. अंगानं काडी आणि हातातली रेषा त्याहून बारीक, म्हणून सगळे तिला रेघच म्हणत. ऑफिस टायरच्या दुकानाच्या वर होतं, दोन खोल्यांचं. खाली गाडीत हवा भरायला लागले की वरचं टेबल थरथरायचं, आणि तेवढा वेळ रेघ शाईचं पेन हवेत धरून बसायची. नवखे चित्रकार तसंच रेटत राहायचे आणि मग पोलादमावशीच्या नाकाला कंप सुटायचा.

पोलादमावशी ही रेघच्याच डोक्यातून निघालेली. शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारणारी, ढगळ ॲप्रन आणि सपाट चपला घातलेली बाई. कुणा पोराच्या अंगावर हात पडणार असं दिसलं की तिचे हात कोपरापर्यंत पोलादाचे होत, आणि मग समोरच्याची खैर नसे. तीनच अंक निघाले होते, पण पोरांनी तिला डोक्यावर घेतलं. मुलांना वाचायला द्याव्यात अशा नव्या चित्रकथा ग्रंथालयवाले वेगळ्या मांडून ठेवत, त्यांत ती सगळ्यांत पुढे. एका शिक्षिकेनं कौतुकानं लिहिलं होतं, ‘भरपूर मारामारी, पण हिंसा अजिबात नाही.’ संपादकबाईंना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते मागच्या कव्हरावर छापून टाकलं. या वाक्याचा अर्थ काय होतो, असं कुणी विचारलं नाही. रेघनंही नाही. स्वतःचं कौतुक चाललेलं असताना कोण कशाला शंका काढतंय.

रेघची एक अडचण मात्र होती. तिला मनानं मारामारी काढता यायची नाही. मनानं काढलेली माणसं दोन्ही हात पसरून, तोंड उघडं टाकून उताणी पडत, पोहायला निघाल्यासारखी. तिला समोर जिवंत माणूस लागायचं. म्हणून दर रविवारी सकाळी तिच्या खोलीत गादी जमिनीवर यायची, खुर्च्या भिंतीला जायच्या, आणि तिची थोरली बहीण लेकीला घेऊन पडायला यायची.

पडण्यात ताईचा हात धरणारं कुणी नव्हतं. रेघ खोटा ठोसा उगारायची आणि ताई पडायची. हनुवटी छातीला, डावा हात कोपरात दुमडून कानावर, खांदा भिंतीकडे, गुडघे पोटाशी. बरोबर गादीच्या मधोमध, टेबलाच्या कोपऱ्यापासून लांब. आणि आवाज म्हणून नाही. एवढी थोराड बाई आपटायची, पण खालच्या मजल्यावर कुणाला पत्ता लागायचा नाही.

“तुला सर्कशीत घ्यायला हवं होतं,” रेघ म्हणायची.

“घरची सर्कस काय कमी आहे?” ताई म्हणायची, आणि दोघी बहिणी हसायच्या. रेघ हसत हसत चित्र काढायची. संपादकबाई ती चित्रं बघून म्हणाल्या होत्या की आपल्याकडे पहिल्यांदाच कुणी खरंखुरं पडतंय.

चिंगी, ताईची नऊ वर्षांची लेक, तेव्हा खुर्चीत मांडी घालून कच्ची पानं वाचत असायची. ती पोलादमावशीची पहिली वाचक. शाई लागायच्या आधीचं पान तिला मिळायचं, आणि छापलेल्या अंकाची पहिली प्रतही तिचीच. या छोट्या बाईसाहेबांच्या नजरेतून चूक सुटायची नाही. पोलादमावशीच्या चपलेचा पट्टा एका चौकटीत डावीकडे आणि दुसरीत उजवीकडे गेला, तर ती पेन्सिलीनं तिथे फुली मारून ठेवायची. चौथ्या अंकाची पानं वाचताना तिनं अशीच एक फुली मारली.

“मावशी, इथे तारा नसतो,” ती म्हणाली.

“मग काय असतं?”

“कपाटाचं हँडल.”

गणिताचं उत्तर सांगावं तसं तिनं ते सांगितलं आणि पान उलटलं. आत ताई कप विसळत होती. नळ चालू होता, तो बंद झाला.

रेघच्या पायाखालची जमीन सरकली म्हणजे काय झालं, तर तिनं नुसती मान वळवली आणि भिंतीला टेकवून ठेवलेली आपलीच चित्रं पाहिली. सगळ्या चित्रांत डावा हात कानावर. सगळ्या चित्रांत हनुवटी छातीला. हे असं पडायला कुणाला जन्मतः येत नाही. हे शिकावं लागतं, आणि शिकवणारा कुणीतरी लागतो. इतके महिने ती डोळ्यांत तेल घालून बहिणीचं पडणं बघत होती, त्यातलं बोटांचं पेर न् पेर काढत होती, आणि तिला काहीही दिसलं नव्हतं. चित्रकार म्हणे.

ती आत गेली. ताईचा ब्लाउज लांब बाह्यांचा होता, उन्हाळ्यातही. रेघनं बाही वर सारली. दंडावर जुना पिवळा डाग, त्यावर ताजा निळा, आणि निळ्यात चार बोटं ओळखू येत होती.

“ओरडू नकोस,” ताई म्हणाली. “पोरगी ऐकेल.”

“पोरगी बघते, ताई. ऐकायचं काय घेऊन बसलीस?”

“तिचं शाळेचं वर्ष संपू दे. मग बघू.”

“आणि तोवर?”

“तोवर मला पडता येतं.”

“आणि एखाद दिवशी नीट पडता आलं नाही तर?”

ताईनं फडकं पिळलं, झटकलं, नळावर वाळत घातलं. “तू तिथे येऊन काही बोललीस, पोलिसांना कळवलंस, तर तो तुझ्या वाट्याला जाणार नाही. तुझ्या पाठीमागे माझ्या जिवावर उठेल. शपथ घे, काही करणार नाहीस.” रेघनं शपथ घेतली. आपण ही शपथ भीतीपोटी घेतोय की बहिणीपोटी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

भाऊजी लिफ्ट दुरुस्त करायचे. बाहेर म्हणाल तर लोण्याहून मऊ. म्हाताऱ्यांच्या पिशव्या वर नेऊन द्यायचे, पोरांना बटण दाबू द्यायचे, आणि रेघला ‘मेहुणीबाई’ म्हणून चिडवायचे. उजव्या हाताचा अंगठा कधीतरी लिफ्टच्या दारात चेंगरला होता, त्याचं नख दुभंगलेलं. घड्याळ त्याच हातात, आणि काच फुटू नये म्हणून तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. रेघनं तो हात लग्नापासून पाहिला होता. त्यानं तिला किती वेळा चहाचा कप दिला होता. आता तोच हात बहिणीच्या दंडावर निळा उमटलेला पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मस्तकात जाऊन बसली, कारण शपथ घातलेली.

मग तिनं तेच केलं जे तिला येत होतं. चौथ्या अंकात घणशेठ नावाचा नवा दुष्ट यायचा होता. रेघनं त्याला दुभंगलेल्या नखाचा अंगठा दिला, आणि उजव्या मनगटावर उलटं घड्याळ. चेहरा तेवढा बदलला. मग पोलादमावशीच्या हातून तिनं त्याला बुकलून काढलं. पानामागून पान. भिंतीवर आपटला, जिन्यावरून लोळवला, त्याच्याच घणानं त्याला जमिनीत ठोकला. तिनं इतक्या जोरात पेन्सिल दाबली की खालच्या कागदावर वळ उठले. काम संपलं तेव्हा तिला हलकं वाटलं, आजारातून उठल्यासारखं. वर तारे मात्र तिनं इमानानं काढले, जिथल्या तिथे.

“हा दुष्ट खरा वाटतो,” संपादकबाई म्हणाल्या. “ते उलटं घड्याळ छान सुचलं तुला.”

“सुचलं,” रेघ म्हणाली.

अंक छापून आला. गठ्ठा सुटला, आणि रेघनं नेहमीसारखी वरची प्रत उचलली, पाकिटात घातली, वर चिंगीचं नाव-पत्ता घातला आणि पाठवून दिली. तिन्ही अंकांच्या वेळी तिनं असंच केलं होतं. हाताला लागलेली सवय होती ती, डोक्याला विचारायची वेळच आली नाही. गावोगावच्या वाचणाऱ्या पोरांचा विचार तिनं केला होता, पण आपली पहिली वाचक कुणाच्या घरात राहते ते ती विसरली.

ते तिला आठवलं रविवारी सकाळी, गादी पसरून झाल्यावर. ताई आली नाही. फोन वाजला, उचलला गेला नाही. रेघ गादीकडे बघत उभी राहिली आणि मग तिला ते पाकीट आठवलं. पायात चपला घालायचंही भान नव्हतं. ती रस्त्यावर पळत सुटली.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या इमारतीतली लिफ्ट बंद होती. रेघ जिने चढली. ताईच्या मजल्यावर शेजारच्या घरात टीव्हीचा आवाज मोठा होता, आणि ती वर पोचेपर्यंत तो आणखी मोठा झाला. शेजाऱ्यांना या कामाची सवय असावी. बंद दाराबाहेर चिंगी उभी होती, एका पायात चप्पल, गळ्यात दोरीला अडकवलेली दाराची किल्ली.

“बाबांनी मला बाहेर उभं केलंय,” ती म्हणाली. “ते आईला पुस्तक वाचून दाखवतायत.”

रेघनं दाराला कान लावला. आतून भाऊजींचा आवाज येत होता, शांत, शाळेत धडा वाचावा तसा. “‘घणशेठ, आता तुझी वेळ भरली.’ असं म्हणते ही तुझी पोलादमावशी. मग पुढच्या चौकटीत काय होतं? बघ, बघ इकडे. चौकट बघ. धडाम.” आणि मग तो आवाज आला जो अक्षरांत मावत नाही. ओल्या कपड्याची घडी दगडावर आपटावी तसा. “आता दुसरी,” भाऊजी म्हणाले, आणि पान उलटल्याचंही ऐकू आलं.

रेघनं चिंगीच्या गळ्यातली किल्ली ओढून घेतली. “इथेच थांब. आत यायचं नाही.” दार उघडून ती स्वयंपाकघरात शिरली.

संपादकबाई जे जे काढू द्यायच्या नाहीत ते सगळं तिथे होतं. ताई कपाट आणि ओटा यांच्यामधल्या कोपऱ्यात बसली होती. एक डोळा बंद झाला होता. ओठ फाटून हनुवटीवर लोंबत होता आणि त्यातून लाळ आणि रक्त एका धारेत उतरत होतं. फरशीवर एक दात होता, मुळासकट. कपाटाच्या हँडलला केस चिकटले होते. डावा हात अजून कानावर होता, पण त्या हाताचं करंगळीचं बोट भलत्याच बाजूला वळलं होतं. भाऊजी तिच्यासमोर स्टुलावर बसले होते. मांडीवर चौथा अंक उघडा, आणि पानांवर लाल अंगठे उठलेले.

“या, मेहुणीबाई,” ते म्हणाले. “आमचं वाचन चाललंय. छान काढलंय तुम्ही. अंगठा अगदी हुबेहूब.”

“ती काही बोलली नव्हती. मी माझ्या मनानं काढलंय ते. सोडा तिला.”

“मनानं?” भाऊजी उठले. अंक त्यांनी नीट मिटून ओट्यावर ठेवला. “मग शिक्षाही तुम्हालाच हवी.”

रेघनं जन्मभर ठोसे काढले होते. ठोसा कुठून निघतो, खांदा कसा वळतो, टाच कशी उचलली जाते, सगळं तिला पाठ होतं. तो येताना तिला दिसला, आणि ती नुसती बघत राहिली. मग तो लागला. तारा नव्हता. काही पिवळं नव्हतं. नाकाच्या जागी एकदम एक मोठं पांढरं काहीतरी झालं, तोंडात लोखंडाची चव आली, आणि ती पडली. इतके रविवार पडण्याचा अभ्यास केला, पण पडली ती मनानं काढलेल्या माणसासारखी, दोन्ही हात पसरून. उजवा हात अंगाखाली आला. मनगटात काहीतरी काटकन मोडलं.

भाऊजींनी तो हात तिच्या अंगाखालून ओढून काढला आणि त्यावर पाय ठेवला. बूट घरातही घातलेले होते. त्यांनी टाच फिरवली, विडी विझवावी तशी, आणि बोटांतली हाडं एकेक करून बोलली.

“आता काढ,” ते म्हणाले. “काढ ना.”

ताईनं आजवर स्वतःला मार खाताना पाहिलं नव्हतं. प्रत्येक वेळी तिचाच हात तिच्या डोळ्यांवर असायचा. मार म्हणजे तिला आवाज, अंधार आणि नंतरचं पुसणं-धुणं एवढंच माहीत होतं. आता तिनं पहिल्यांदा तो हात, तो अंगठा आणि ते घड्याळ दुसऱ्याच्या अंगावर चालताना पाहिलं, लख्ख उजेडात, सगळ्या चौकटी. तिनं कानावरचा हात काढला. भिंतीला धरून ती उभी राहिली. ओट्यावर मसाला कुटायचा लोखंडी बत्ता होता. तो तिनं उजव्या हातात घेतला.

पहिला घाव भाऊजींच्या कोपरावर बसला. ते ओरडले नाहीत. ते वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं, कपाटानंच उलटून मारल्यासारखं. “तू?” ते म्हणाले. दुसरा घाव कानाच्या वर बसला, आणि तो बसताना रेघनं जमिनीवरून पाहिला. कातडी फाटली, खालचं पांढरं दिसलं, मग ते लाल झालं. भाऊजींचे पाय फरशीवरच्या रक्तावरून सटकले.

त्यांना पडता येत नव्हतं. आयुष्यात त्यांच्यावर पडायची वेळच आली नव्हती. हात पसरून, तोंड उघडं टाकून ते उताणे गेले, पोहायला निघाल्यासारखे, आणि डोक्याची मागची बाजू ओट्याच्या दगडी कडेवर आली. हा आवाज लहान होता. मग ते खाली सरकत गेले आणि ताई बसायची त्याच कोपऱ्यात जाऊन थांबले. डोळे उघडे होते. एक पाय थोडा वेळ फरशी घासत राहिला आणि मग थांबला.

शेजारी टीव्ही चालू होता. कुणीतरी टाळ्या वाजवत होतं.

चिंगी दारात उभी होती. तिला थांब सांगितलेलं होतं, पण नऊ वर्षांचं पोर किती थांबणार. तिनं बापाकडे पाहिलं, मग ओट्यावरच्या अंकाकडे, मग मावशीकडे. ती रडत नव्हती. ती वाट बघत होती.

“उठतील ना आता?” तिनं विचारलं. “पुढच्या पानावर सगळे उठतात.”

रेघला तोंड उघडता आलं नाही. एक तर ते रक्तानं भरलं होतं, आणि दुसरं म्हणजे त्या पोरीला हे शिकवणारी तीच होती. बोलली ती ताई, बत्ता हातात तसाच धरून, फाटक्या ओठांनी शब्द कसेबसे गोळा करत.

“सगळे नाही उठत, बाळा. उठत होते ती मी.”

मग तिनं बत्ता नळाखाली धरला, सवयीनं, भांडं धुवायला घ्यावं तसा. रेघनं नको म्हणून मान हलवली तेव्हा तिच्या लक्षात आलं, आणि तिनं तो ओट्यावर ठेवला आणि पोलिसांना फोन लावला.

पुढचं सगळं रीतसर झालं. ताईला नेलं, ठेवलं, कोर्टात उभं केलं. डॉक्टरांनी तिच्या हाडांचे फोटो लावून दाखवले. कुठलं कधी मोडलं आणि वाकडं जुळलं, ते सगळं त्यांत दिसत होतं. शेजाऱ्यांना कोर्टात सगळं आठवलं, तारीखवार. टीव्हीचा रिमोट कुणाच्या हातात होता, तेवढं मात्र कुणालाच आठवेना. तिनं स्वतःचा आणि बहिणीचा जीव वाचवण्यासाठी मारलं, असं ठरलं, आणि ताई सुटली. ती चिंगीला घेऊन रेघच्या खोलीत राहायला आली. रेघचं मनगट वाकडं जुळलं आणि दोन बोटं मिटेनाशी झाली. आता तिची रेषा जाड येते. रंग भरणारा म्हणाला की बरी दिसते. तो चांगला माणूस आहे.

संपादकबाईंनी चौथा अंक दुकानांतून परत मागवला. मागच्या कव्हरावरचं ते वाक्य त्यांनी काढून टाकलं, आणि एक दिवस त्या रेघच्या टेबलाशी आल्या. खाली कुणाच्या तरी चाकात हवा भरत होते.

“पोरांची पत्रं येतायत,” त्या म्हणाल्या. “पाचवा कधी, विचारतात. ताऱ्याचं काय करायचं, ते तू ठरव. मला आता काही कळत नाही.”

रेघलाही कळत नव्हतं. तारा काढला तर खोटं, आणि नाही काढला तर आठ वर्षांच्या पोरासमोर ते स्वयंपाकघर मांडायचं. पण काम तर करायला हवं होतं. एका रविवारी तिनं परत गादी पसरली आणि खुर्च्या भिंतीला लावल्या.

“या वेळी तू पडायचं नाहीस,” ती ताईला म्हणाली. “या वेळी तू पोलादमावशी.”

ताई लाजली. तिनं कधी कुणावर हात उगारल्याचं सोंगही केलं नव्हतं, आणि खरं जे केलं होतं त्याबद्दल तिघी बोलत नसत. ती आरशात बघून आली, केस मागे बांधले, ॲप्रन घातला. ॲप्रन तिला झकास बसला. खूप दिवसांनी ती हसली, तेव्हा पुढच्या दाताची मोकळी जागा दिसली.

“मग मला कोण मारायला मिळणार?” तिनं विचारलं.

“मी,” चिंगी म्हणाली आणि टुणकन गादीवर आली. “मी घणशेठचा माणूस. मला जोरात मार हं, आई. मी ओरडणार आहे खूप.” तिनं काल्पनिक मिशीला पीळ भरला, छाती फुगवली, आणि डरकाळी फोडली. ताई इतकी हसली की तिला कमरेवर हात ठेवावा लागला. रेघनं पेन्सिल घेतली, न मिटणारी बोटं बाजूला करून.

“ताई, हात उचल. वर, अजून वर. हां, तिथेच थांब.”

ताईनं हात उचलला.

चिंगीची डरकाळी मध्येच तुटली. हनुवटी छातीला गेली. डावा हात कोपरात दुमडून कानावर आला. खांदा भिंतीकडे वळला, गुडघे पोटाशी आले, आणि ती पडली, बरोबर गादीच्या मधोमध, टेबलाच्या कोपऱ्यापासून लांब. खालच्या मजल्यावर कुणाला काही ऐकू गेलं नसेल.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. रेघच्या कागदावर अजून एकही रेषा नव्हती. तिनं पेन्सिल खाली ठेवली.

ताईनं हात खाली घेतला. ॲप्रनसकट ती गादीवर बसली, लेकीला मांडीवर ओढून घेतलं आणि तिचा हात कानावरून काढायला लागली. तो लगेच निघेना.